मंगल कार्यालयातला उजेड

इंदापूर तालुका आणि कॅमेरा म्हटले की बाहेरच्या माणसाला भिगवण आठवते. थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर रोहित उतरतात, कुंभारगाव-डिकसळच्या काठाला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात, हातभर लांबीच्या लेन्स होडीत चढतात आणि उन्हे तापायच्या आत परतीला लागतात. त्या फोटोंनी तालुक्याचे नाव झाले, हे कबूल. पण या मुलखात कॅमेऱ्यावर ज्यांचे घर चालते ती माणसे पाण्याच्या काठाला क्वचितच दिसतात. ती असतात निमगाव केतकी, वालचंदनगर, भवानीनगर, बारामतीच्या कार्यालयांत. हळदीच्या मांडवात, शाळेच्या गॅदरिंगला, हरिनाम सप्ताहाच्या कीर्तनात, नाहीतर कुणाच्या तरी सत्काराच्या स्टेजखाली. उजेड कमी, गर्दी फार आणि उभे राहायची जागा दुसऱ्याने ठरवलेली, अशा ठिकाणी त्यांना काम करायचे असते. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांनी पैसे नेमक्या कोणत्या झूम लेन्समध्ये घालावेत एवढ्यापुरतेच आहे.

दुकानात लेन्स बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, “किती लांबचं ओढते?” पक्ष्यांच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे. लग्नाच्या बाबतीत तोच प्रश्न महागात पडतो. भिगवणला जी १५०-६०० मिलिमीटरची झूम सर्रास दिसते तिचे तोंड ९५ मिलिमीटरचे. लग्नवाल्यांच्या ७०-२०० एफ/२.८ चे तोंड ७७ च्या आसपास. साहजिकच बघणाऱ्याला वाटते, मोठ्या तोंडाची लेन्स जास्त उजेड घेत असणार. पण एफचा आकडा काढतात तो लेन्सची लांबी भागिले छिद्राचा व्यास असा. २०० ला २.८ ने भागा, छिद्र येते साधारण ७१ मिलिमीटरचे. ६०० ला ६.३ ने भागा, छिद्र येते ९५ चे. छिद्र मोठे खरे, पण आत आलेला उजेड तिप्पट लांबीवर ताणून पसरायचा आहे. सेन्सरवर पडतो तो एफ/२.८ च्या मानाने पाचवा हिस्सा. तीच लेन्स २०० वर आणून ठेवली तरी एफ/५ च्या पुढे उघडत नाही. म्हणून रोहित पक्ष्यांसाठी घेतलेली लेन्स भाच्याच्या लग्नातही वापरू, हा हिशेब जमत नाही. नव्याने धंद्यात उतरणारी अनेक पोरे नेमका हाच हिशेब करतात.

आता कार्यालयातला हिशेब. ट्यूबलाइट, छताचे चार एलईडी आणि स्टेजवरची सजावट एवढ्यावर चाललेल्या साधारण कार्यालयात एफ/२.८, १/१२५ सेकंद आणि आयएसओ १६०० असे काहीतरी मीटर दाखवतो. खोलीगणिक फरक पडेल, पण कामचलाऊ आकडा म्हणून हा धरायला हरकत नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ होते, म्हणजे उजेड चौथाई. तो भरून काढायला आयएसओ ६४०० करा, नाहीतर शटर १/३० वर आणा. १/३० ला अक्षतांच्या रेघा होतात, ते एकवेळ बरे दिसेल. पण हार घालताना नवरीचा हात पुसट येतो, आणि तो फोटो अल्बममध्ये ठेवता येत नाही.

कुणी म्हणेल, शटर आणि आयएसओ आहेतच की, लेन्सवर एवढा खर्च कशाला? इथे आपल्या विजेचाही विचार करावा लागतो. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा. ट्यूब आणि साधे एलईडी त्यामुळे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले तर तो मिणमिणाट पुरा एका फोटोत मावतो. त्याच्या फार वर गेलात की एक फोटो उजळ, दुसरा मळका, तिसऱ्यात आडवे पट्टे. म्हणजे शटर वर न्यायला वीज अडवते, खाली आणायला हलणारी माणसे अडवतात. उरला आयएसओ, त्याची मर्यादा कॅमेरा घेतला त्याच दिवशी ठरली. नंतर पैसे टाकून वाढवता येईल असा एकच उजेड राहतो, लेन्सच्या छिद्रातून येणारा. या पुस्तकाची सगळी मांडणी या एका गोष्टीवर उभी आहे.

फ्लॅशचे काय, हा प्रश्न जुनी माणसे हमखास विचारतात, आणि त्यांचा अधिकार मोठा आहे. याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा, १२० चा रोल, रोलमागे बारा फोटो आणि बाजूला फ्लॅशगन एवढ्यावर त्यांनी गावेच्या गावे लग्ने काढली. झूमचा प्रश्नच नव्हता. पाय पुढे-मागे करायचे आणि “इकडं बघा” म्हणायचे. आहेराच्या वेळचे, दोन रांगांतले घरगुती फोटो आजही फ्लॅशवरच काढावेत, एफ/५.६ ला, म्हणजे मागच्या रांगेतली आत्याही नीट येते. अडचण होते ती फ्लॅश छतावर मारून मऊ करायला गेल्यावर. आपल्याकडच्या कित्येक कार्यालयांचे छप्पर उंच पत्र्याचे. तिथवर गेलेला फ्लॅश परत येतच नाही. छताखाली गुलाबी-पिवळ्या कापडाची झालर ताणलेली असेल तर परत येतो तो त्या कापडाचा रंग घेऊन. नवरीचा चेहरा एका बाजूने गुलाबी होतो आणि घरी संगणकावर बसून तो काही केल्या निघत नाही. शिवाय कीर्तनात, नाटकात, भाषणाच्या ऐन मुद्द्याला फ्लॅश मारणे हा निव्वळ आगाऊपणा.

झूमला पर्याय म्हणून स्थिर लांबीच्या लेन्स आहेत. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही सगळ्यात स्वस्त उजेडाची लेन्स, ती प्रत्येकाच्या बॅगेत असावीच. एफ/२.८ च्या दुपटीहून जास्त उजेड देते आणि हळदीच्या रात्री अंगणात एका बल्बवर फोटो काढून देते. पण लग्नाचा ऐन क्षण पाहा. मंगलाष्टकांचे शेवटचे कडवे चालू आहे. नवरा-नवरीमध्ये अंतरपाट, दोन्हीकडे मामा, मागे करवल्या. तुम्ही स्टेजच्या कडेला, एक पाय पायरीवर. उजवीकडे व्हिडिओवाल्याचा लाइट, डावीकडे नवऱ्याचे काका मोबाइल उंच धरून. पुढे सरकायला जागा नाही आणि मागे सरकलात तर पायरीवरून खाली. भटजींचे शेवटचे ‘सावधान’ होते, अंतरपाट खाली जातो, अक्षतांचा सडा पडतो आणि वाजंत्री सुरू होते. या चार-दोन सेकंदांत आधी सगळे स्टेज हवे, मग दोघांचे चेहरे, मग मुलीच्या आईचे डोळे. लेन्स बदलायची म्हटली तर एवढ्यात हार पडूनही जातात. मनगटाच्या एका वळणात २४ वरून ७० वर जाणे, झूमचे पैसे वसूल होतात ते इथे.

झूमच घ्यायची तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एफचा आकडा तोच ठेवणारी घ्यावी, हे माझे ठाम मत आहे. किट लेन्समध्ये झूम करत गेले की एफचा आकडा आपोआप चढतो आणि उजेड घटतो. मॅन्युअलवर एकदा उजेड जुळवून ठेवला आणि चेहरा जवळ घ्यायला लेन्स फिरवली की तोच चेहरा काळवंडतो. दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो. फोटो एफ/४ ला काढणार असाल तरी डीएसएलआर फोकस करतो तो छिद्र पूर्ण उघडे ठेवून. अंधारात फोकस चाचपडतो की पटकन बसतो, हे पुष्कळसे त्या उघड्या छिद्रावर ठरते. मिररलेस कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत उणे ६ ईव्ही इतक्या अंधारापर्यंत फोकस होतो असे छापलेले असते. कॅनन ईओएस आरचा तो आकडा एफ/१.२ ची लेन्स लावून दिलेला आहे. किट लेन्स लावून तेवढी अपेक्षा कॅमेऱ्याकडून ठेवू नये.

एफ/२.८ हा आकडा आजचा नाही. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम, फोइग्टलेंडरची झूमार, १९५९ मध्ये आली तीच ३६-८२ मिलिमीटर एफ/२.८ होती. तिथून पुढे पन्नासेक वर्षे झूम म्हणजे फार तर एफ/२.८ अशीच समजूत राहिली. २००३ मध्ये टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ आली. मोठ्या कंपन्यांच्या लेन्सच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त होती. २०१३ मध्ये सिग्माने लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी १८-३५ एफ/१.८ काढून ती समजूत मोडली. २०१८ ला कॅननची २८-७० एफ/२, २०२१ ला टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८, २०२४ ला सोनीची २८-७० एफ/२. पण उजेड वाढला की वजनही वाढते. कॅननची २८-७० एफ/२ भरते १,४३० ग्रॅम. टॅमरॉनची २०१८ साली आलेली २८-७५ भरते ५५० ग्रॅम. सकाळच्या साखरपुड्यापासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत गळ्यात काय अडकवायचे, याचा विचार दुकानातला गार एसी सोडून बाहेर आल्यावर करावा.

तेव्हा कोणती घ्यायची? याचे उत्तर कॅटलॉगात शोधू नका, कार्यालयात टेप घेऊन शोधा. पूर्ण आकाराच्या सेन्सरला एक सोपे गणित लागू पडते: अंतर गुणिले ३६, भागिले लेन्सची लांबी, म्हणजे किती रुंदीची जागा फोटोत मावेल ते कळते. लहान सेन्सर असेल तर ३६ च्या जागी साधारण २४ धरा. अंतर फुटांत धरले तर उत्तर फुटांत येते. नवरीच्या घरातल्या खोलीत मेंदीचे फोटो काढायचेत, पाठ भिंतीला टेकलेली, समोर आठ फूट. २४ मिलिमीटरला बारा फूट रुंदी मावते, ३५ ला सव्वाआठ. तेवढ्यात एक आजी आणि दोन मावश्या कापल्या गेल्या. आता उलटे टोक घ्या. कार्यालयाच्या मध्यावर, स्टेजपासून ६० फुटांवर, पुढे बायका बसलेल्या, पुढे जाण्याची सोय नाही. ७० मिलिमीटरला जवळजवळ ३१ फूट रुंदी येते, म्हणजे अख्खे स्टेज आणि वरचा थर्माकोलचा गणपतीही. २०० ला येते पावणेअकरा फूट, नवरा-नवरी आणि दोन करवल्या. तुमची नेहमीची पाच-सहा कार्यालये अशी मोजून काढलीत की निम्मा निर्णय झाला समजा.

माझा कल विचाराल तर आधी २४-७० किंवा २८-७५ एफ/२.८, मग जमेल तेव्हा ७०-२०० एफ/२.८. लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर पहिल्या जागेवर १७-५० एफ/२.८. दोन कॅमेरे गळ्यात अडकवणे ज्यांना जमत नाही आणि मदतनीस परवडत नाही अशा एकट्या फोटोग्राफरला ३५-१५० हा मोहात पाडणारा मधला मार्ग आहे. मोठ्या कार्यालयात तो कमाल चालतो, घरातल्या मेंदीत तोकडा पडतो. १८-३०० सारख्या ‘एकच लेन्स, सगळे काम’ वाल्या झूमबद्दल पुस्तकात वेगळे प्रकरण नाही. अंधारात तिचे काम नाही.

काही ठिकाणी मात्र ७०-२०० आधी लागते. बारामतीत विद्या प्रतिष्ठानच्या गदिमा सभागृहात किंवा एखाद्या नाट्यगृहात प्रयोग चालू असताना तुम्ही प्रेक्षकांतून उठू शकत नाही. आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी बारामतीत मुक्कामाला असते तेव्हा रात्रीच्या कीर्तनातही तेच. कीर्तनकार पुढे-मागे होतात, टाळकरी मागे रांगेने उभे, मृदंगी एका अंगाला. तुम्ही वारकऱ्यांच्या मागे मांडी घालून बसलात तर ठीक, पुढे उभे राहिलात तर मागून टाळ आधी आणि शब्द नंतर येतील. त्याच वारीतले काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण किंवा बेलवाडीचे गोल रिंगण दिवसाउजेडी, उघड्यावर होते, तिथे किट लेन्सही चालून जाते. एकाच पालखीसोबत दोन वेगळ्या लेन्स लागतात त्या अशा.

मैफिलीत आवाजाचा प्रश्नही येतो. पुण्यात सतीश पाकणीकर यांनी शास्त्रीय गायक-वादकांची मैफिलीत टिपलेली प्रकाशचित्रे पाहिली की विलंबित ख्याल चालू असताना फोटो काढणाऱ्याने किती दबकून वागावे लागत असेल याची कल्पना येते. आज मिररलेसचे इलेक्ट्रॉनिक शटर अजिबात आवाज करत नाही, पण एलईडीखाली तेच शटर सगळ्यात जास्त पट्टे पाडते. स्टेजमागे एलईडी वॉल असली तर विचारूच नका. नाटकाआधी रंगमंचाच्या उजेडात दोन-चार फोटो काढून मोठे करून पाहणे, एवढाच यावर इलाज.

लोककलेच्या बाजूला दौंड तालुक्यात चौफुल्याची कलाकेंद्रे आहेत, जत्रांत तमाशाचे तंबू आहेत. संदेश भंडारे यांचे ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ हे छायाचित्रांचे पुस्तक ज्याने पाहिले नसेल त्याने लेन्स घेण्याआधी ते पाहावे. अंधुक उजेडात माणसे कशी दिसतात हे कळायला त्याचा उपयोग होईल. कलाकेंद्रात मात्र कॅमेरा बाहेर काढण्याआधी मालकांची आणि खुद्द कलावंतांची परवानगी घ्यावी. ‘सगळेच मोबाइलवर काढतात’ ही परवानगी नव्हे.

लग्नाच्या स्टेजवरच्या जांभळ्या-निळ्या पार लाइटखाली गोऱ्या-सावळ्या सगळ्यांचे चेहरे सारखेच जांभळे येतात, आणि तिथे एफ/१.२ लेन्सही काही करू शकत नाही. तिथे लेन्सपेक्षा मांडववाल्याशी ओळख उपयोगी. मुहूर्ताआधी त्याच्याकडून चहा घ्या, आणि स्टेजच्या पुढच्या बाजूने दोन पिवळसर पांढरे लाइट मंगलाष्टकांपुरते चालू ठेवायला सांगा. याने एखाद्या स्टॉपचा, म्हणजे दुपटीचा, उजेड फुकट मिळतो. या सल्ल्यासाठी पुस्तक विकत घ्यायची गरज नव्हती, पण घेतलेच आहे तर एक प्रकरण त्यावरही आहे.

हात थरथरला तरी फोटो सांभाळणाऱ्या सोयीबद्दल, म्हणजे स्टॅबिलायझेशनबद्दल, फार बोलले जाते. ती तुमचा हात स्थिर करते, वरातीत नाचणाऱ्या दिराला नाही. २०० मिलिमीटरवर भाषणाचे फोटो काढताना तिचा उपयोग मोठा. नाच आणि अक्षतांसाठी उघडे छिद्रच हवे. एफ/४ ची स्थिरीकरणवाली की एफ/२.८ ची बिनस्थिरीकरणाची, अशी निवड आली तर लग्नवाल्याने डोळे मिटून दुसरी घ्यावी.

ज्यांना नवी एफ/२.८ परवडत नाही त्यांनी जुनी घ्यावी. नवी पण अंधाऱ्या छिद्राची घेऊ नये. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे इथे वापरलेल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. मुंबई-कोकणातून आलेली असेल तर मागून मोबाइलची बॅटरी मारून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते का ते पाहावे. आपल्याकडच्या लेन्सचा शत्रू धूळ. झूम करताना जिची नळी पुढे येते ती लेन्स दरवेळी थोडी हवा आत ओढते, आणि हळदीच्या दिवशी त्या हवेत हळद असते, जेजुरीला गेलात तर भंडारा. रिंग कानाजवळ नेऊन फिरवा. करकर आवाज आला तर किंमत कमी करा किंवा उठा.

शक्य असेल तर विकत घेण्याआधी पुण्याहून एका लग्नापुरती भाड्याने आणून पाहावी. मोठ्या तिथीच्या दिवशी मात्र ७०-२०० कुणाकडे शिल्लक नसते, तेव्हा आधीच सांगून ठेवावे. आणि दुकानात तपासणी करताना रस्त्यावरची रिक्षा टिपून “छान येतंय” म्हणू नका. उन्हात सगळ्याच लेन्स छान येतात. दुकानाच्या मागच्या खोलीत जा, ट्यूब एकच ठेवायला सांगा, छापील लग्नपत्रिका भिंतीला सपाट चिकटवा आणि एफ/२.८ ला, झूमच्या दोन्ही टोकांना, पत्रिका आधी मध्यात आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून फोटो काढा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पूर्ण मोठे करून पत्रिकेतली सगळ्यात बारीक ओळ वाचा. किलबिलची, मामाच्या लग्नाला यायचं हं म्हणणारी. मध्यात ती स्वच्छ हवी, कोपऱ्यांत थोडी मऊ चालेल. पण डाव्या कोपऱ्यात मामा वाचता येतो आणि उजव्यात नुसता डाग दिसतो, असे झाले तर आतले भिंग कलले आहे असे समजून ती लेन्स तिथेच परत करा आणि दुसरा नग मागा.